श्रीसंत गाडगेबाबा आणि अक्षराचे ऋण

आपल्या वारकरी संप्रदायात एक समजूत फार दिवसांची आहे. देव भावाचा भुकेला, त्याला पाटीपुस्तकाशी काय करायचे? नाम घ्यायला शाळा लागत नाही, माळ घालायला परीक्षा लागत नाही, आणि चंद्रभागेत बुडी मारताना कोणी कोणाची इयत्ता विचारीत नाही. हे सगळे अगदी खरे. पण ह्या खऱ्या गोष्टीचा आडोसा करून आपल्यातली पुष्कळ माणसे जन्मभर अंगठा पुढे करीत राहतात, आणि कोणी हटकले की श्रीगाडगेबाबांचे नाव सांगतात. बाबा कुठे शाळेत गेले होते? त्यांना काय कमी पडले? कीर्तनाला उभा असताना हा प्रश्न मलाही विचारला गेला आहे. त्याचे उत्तर बाबांच्या चरित्रातच आहे, आणि ते विचारणाऱ्याच्या बाजूचे नाही. म्हणून आज बाबांचे चरित्र ह्या एका अंगाने सांगतो.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचा. वडील झिंगराजी, आई सखूबाई, आडनाव जानोरकर, धंदा परिटाचा. मुलाचे नाव ठेवले डेबूजी. झिंगराजींना दारूचे व्यसन लागले आणि त्यात होते-नव्हते ते गेले. १८८४ साली ते वारले, तेव्हा डेबूजी अवघा आठ वर्षांचा. पोराला ह्या वाटेला जाऊ देऊ नकोस, एवढे बायकोला बजावून त्यांनी डोळे मिटले, असे चरित्रकार सांगतात. सखूबाई पोराला पदराखाली घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला आली. तिथे आजोबा हंबीरराव होते, मामा चंद्रभानजी होते, शेतीवाडी होती. डेबूजी आधी गुरांमागे गेला, मग त्याने नांगर धरला. शाळेचा विचार त्या घरात कोणाच्या मनात यायचे कारणच नव्हते. गुराख्याला अक्षर कशाला? बैल का अर्ज करणार आहेत!

आता तो काळ कसा होता ते थोडे ध्यानात घेतले पाहिजे. बाबांच्या जन्माच्या आदल्याच वर्षी, म्हणजे १८७५ च्या मे महिन्यात, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांवर उठले. तिथून तो वणवा आजूबाजूला पसरला. लोकांना सावकाराच्या घरातून काय हवे होते? कागद हवे होते. कर्जरोखे, गहाणखते हाती लागली की त्यांची होळी करायची. अहो, जो कागद वाचता येत नाही तो जाळण्यापलीकडे माणसाच्या हाती उरते काय? पुढे सरकारने चौकशी केली आणि १८७९ साली कायदा केला. शेतकऱ्याचा दस्त सरकारी निबंधकासमोर व्हावा, सावकाराने पावती द्यावी, हिशेबाचे पुस्तक द्यावे, असे त्यात होते. कायदा चांगला होता, पण आरंभी तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर ह्या चार जिल्ह्यांपुरताच होता. वऱ्हाडला त्याचा आधार नव्हता. आणि जिथे तो होता, तिथेही कुळाच्या हातात पावती आली तरी ती वाचणार कोण? ती वाचून घ्यायला पुन्हा दुसऱ्याच्याच ओट्यावर जायचे.

दापुऱ्याला चंद्रभानजींचे तेच झाले. व्यवहार सावकाराशी, बोलणे तोंडी, हिशेब सावकाराच्या वहीत. पीक आले की चंद्रभानजी रक्कम नेऊन देत आणि आपले देणे फिटत चालले अशा भरवशावर घरी येत. पावती मागायची असते हे ठाऊक नाही, आणि मागितली असती तरी तीत काय लिहिले आहे ते कळायचे नाही. एक दिवस सावकाराने वही उघडली. तीत देणे फिटलेले नव्हतेच, उलट वाढलेले होते. शेती हातची जाऊ लागली. त्या धक्क्याने चंद्रभानजी खचले आणि त्यातच वारले. घराचा भार तरण्या डेबूजीवर पडला.

डेबूजी अंगापिंडाने दणकट. सावकाराची माणसे शेताचा ताबा घ्यायला आली तेव्हा तो नांगर सोडून काठी घेऊन उभा राहिला आणि त्यांना त्याने पिटाळून लावले, अशी हकीकत चरित्रांत येते. ऐकताना आपल्याला मोठी मौज वाटते. पण सज्जनहो, जरा विचार करा. मनगटात जोर होता म्हणून त्या दिवशी शेत राखता आले. मनगटाचा जोर म्हातारपणी राहत नाही, विधवेपाशी नसतो, लहान पोरापाशी नसतो. पावतीचा जोर मात्र मेल्यावरही घराच्या कामी येतो. ही गोष्ट डेबूजीच्या काळजात कायमची रुतली. पुढे पन्नास वर्षे कीर्तनात ते जे सांगत राहिले, त्याचे बी दापुऱ्याच्या ह्या शेतात पडलेले आहे.

इथे आपल्या तुकोबारायांची आठवण होते. तुकोबा महाजनाच्या घरचे. लिहिणे, वाचणे, हिशेब ठेवणे हा त्यांचा घरचा धंदा. वैराग्य झाल्यावर आपल्या वाट्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत बुडविली आणि कुळांना मोकळे केले, हे आपण दर वर्षी ऐकतो. तुकोबांना ते करता आले, कारण कागद त्यांच्या हाती होता. गाडगेबाबांचे घर कागदाच्या दुसऱ्या बाजूला होते. त्या बाजूच्या माणसाची सुटका करायला प्रत्येक गावी तुकोबा कुठून यायचे? त्याने आपला कागद आपणच वाचला पाहिजे. तुकोबांवर बाबांची जी अपार निष्ठा होती, तिच्यात हेही एक कारण असावे असे मला वाटते.

असो. १८९२ साली डेबूजीचे लग्न झाले. पत्नीचे नाव कुंताबाई. पहिली मुलगी झाली. बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू आणि मटण झालेच पाहिजे, नाही तर भाऊबंद रुसणार. त्यासाठी कर्ज काढायचे, कर्जाला अंगठा द्यायचा, आणि तो फेडता फेडता मुलगी लग्नाला यायची! डेबूजीने तो रिवाज मोडला आणि पंगतीला गोड जेवण घातले. लोकांनी तोंडे वाकडी केली. पण बापाची दारू ज्याने पाहिली आणि मामाची शेती जाताना ज्याने पाहिली, तो लोकांच्या तोंडाकडे कशाला बघेल?

१ फेब्रुवारी १९०५ ला डेबूजीने घर सोडले. अंगावर चिंध्यांची गोधडी, हातात काठी, आणि मातीचे एक फुटके गाडगे. तेच गाडगे डोक्यावर टोपी आणि भुकेला थाळी. त्यावरून लोक गाडगेबाबा म्हणू लागले. गावात शिरायचे, कोणी न सांगता खराटा घेऊन रस्ता झाडायचा, भाकरतुकडा मागायचा आणि रात्री त्याच चावडीपुढे कीर्तन करायचे, हा क्रम सुरू झाला. त्यांच्या आरंभीच्या कार्याचे एक ठिकाण म्हणजे अमरावती जिल्ह्यातले ऋणमोचन. पूर्णा नदीच्या काठी पौषातल्या रविवारी तिथे यात्रा भरते. यात्रेकरू चिखलातून घसरत पाण्यात उतरत, म्हणून बाबांनी तिथे खटपट करून घाट बांधविला. गावाचे नाव पाहा, ऋणमोचन! तिथे स्नान केले की माणूस ऋणातून सुटतो अशी श्रद्धा. देवाचे, ऋषींचे आणि पितरांचे अशी तीन ऋणे आम्ही पाठशाळेत शिकलो. सावकाराचे चौथे ऋण मात्र पूर्णेच्या पाण्याने जात नाही. ते बेरीज-वजाबाकीने जाते, हे बाबांनी लोकांना शिकविले.

बाबांचे कीर्तन आमच्यासारख्यांच्या कीर्तनाहून निराळे. आम्ही अभंग घेतो, पूर्वरंग-उत्तररंग करतो, पदांचा अन्वय लावतो. बाबा श्रोत्याला प्रश्न विचारीत. वऱ्हाडी बोली, अगदी शेतातली. समोर बसलेल्या मजुराला, शेतकऱ्याला, हमालाला ते बोलते करीत आणि त्याच्याच तोंडून त्याची चूक वदवून घेत. देव नवसाला बकरे मागतो का? लग्नासाठी काढलेले कर्ज कधी फिटले का? शिकलेला कुठे बसतो आणि न शिकलेला कुठे ओझे वाहतो? मधून गोपाळनामाचा गजर व्हायचा. हजारोंचा समुदाय टाळ्या पिटीत असायचा, हसता हसता रडायचा. तुकोबांचे अभंग आणि कबीरांचे दोहे त्यांना मुखोद्गत. शाळेत न गेलेल्या माणसाने कानाने केवढे धन साठविले होते!

आणि तरीही, मंडळी, बाबांनी आपल्या अशिक्षितपणाचे भूषण एकदाही मिरविले नाही. हीच गोष्ट आजच्या चरित्रात मुख्य आहे. मी शिकलो नाही तरी बघा कसा महाराज झालो, असे ते कधी म्हणाले नाहीत. उलट जो शिकला नाही त्याची गाठ बैलाशी घालून ते त्याला लाजवीत. आपले उदाहरण त्यांनी टाळले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण पुढे ठेवले. विद्येच्या बळावर हा माणूस कुठे पोचला ते बघा, असे ते गावोगाव सांगत. जेवायला ताट नसले तर भाकरी हातावर घ्या, घरधनिणीला लुगडे हलके आणा, पण पोराला शाळेत घातल्याशिवाय राहू नका, हा त्यांचा उपदेश महाराष्ट्रभर झाला. पाहुणचार कमी करा, देवकार्याचा खर्च कमी करा, पण शाळेचा करू नका. ज्याला डोळा नसतो त्यालाच डोळ्याची किंमत पुरी कळते, तसे हे होते.

कोणी म्हणेल, हे तर मुलांच्या शाळेचे झाले, मोठ्यांचे काय? पण बाबांचे श्रोते कोण होते ते पाहा. रात्री आठ-दहाला, दिवसभर राबून आलेले, तिशी-चाळिशी-साठीचे बाप्ये आणि बाया. पाटीवर अक्षर गिरविण्याआधी जे शिकावे लागते ते बाबांनी त्यांना शिकविले. प्रश्न विचारायला शिकविले, खर्च मोजायला शिकविले, अंगठा उठविण्याआधी थांबायला शिकविले. प्रौढांच्या शिक्षणाचा हा पहिला धडा होय. दुसरा धडा अक्षरांचा, आणि तो आपला आपण घ्यायचा.

कारण निरक्षरपणाने नुसती शेतीच जाते असे नाही. घरातला गुपितपणा जातो. पूर्वी पोरगा मुंबईला गिरणीत असायचा, त्याचे पत्र यायचे. ते वाचून घ्यायला बाई दुसऱ्याच्या दारी जायची. सासूचा राग, नवऱ्याचे आजारपण, पैशाची ओढाताण, सगळे आधी वाचणाऱ्याला कळायचे आणि मग तिला. मनीऑर्डर आली की अंगठा, आणि हातात पैसे किती पडले ते देणाऱ्याच्या सचोटीवर. कामाच्या ठिकाणी मुकादम हजेरी मांडील ती खरी. औषधाच्या बाटलीवर काय लिहिले आहे ते कळत नाही म्हणून पोटात घ्यायचे अंगाला चोळायचे, आणि गुण आला नाही की देवऋषी गाठायचा. तो देवऋषी पुन्हा कोंबडे मागणार, कोंबड्याला पुन्हा उसनवारी! ही साखळी बाबांनी बरोबर ओळखली होती. दारू, नवस, कर्ज आणि अक्षरशत्रुत्व ह्या त्यांना चार निरनिराळ्या गोष्टी वाटल्या नाहीत. एका घराला चारी बाजूंनी लागलेली ती एकच वाळवी होती.

बाबांनी लोकांच्या पैशातून धर्मशाळा उभारल्या. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक, कुठे कुठे म्हणून सांगावे! त्यांतून लाखो रुपये फिरले, आणि बाबांच्या स्वतःच्या मालकीचे शेवटपर्यंत ते गाडगेच. इथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. कागदाने ज्याच्या मामाचे घर बुडविले, त्या माणसाने कागदाचा तिटकारा धरला नाही. संस्था विश्वस्तांच्या स्वाधीन केल्या, हिशेब जाणत्यांच्या हाती दिले, आणि आपल्या नातलगांचा त्यांवर हक्क राहू दिला नाही. खरा कागद धर्माचे रक्षण करतो आणि खोटा कागद घर बुडवितो. दोन्ही ओळखायचे तर वाचता आले पाहिजे.

पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तुम्हांला ठाऊक आहे. महाद्वारात ज्यांना पूर्वी थारा नव्हता त्या यात्रेकरूंसाठी बाबांनी ती बांधविली. पुढे १९४९ साली त्यांनी ती डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणकार्यासाठी सुपूर्द केली. यात्रेकरूंच्या पथाऱ्यांसाठी उभी केलेली वास्तू त्यांनी विद्यार्थ्यांच्या कामी लावली. कर्मवीर भाऊराव पाटलांवरही त्यांचा असाच लोभ. रयत शिक्षण संस्थेने १९५४ साली कऱ्हाडला जे महाविद्यालय काढले त्याला भाऊरावांनी सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले. १९५२ साली श्रीगाडगे महाराज मिशन स्थापन झाले, त्याच्या आश्रमशाळा निघाल्या. आज अमरावतीच्या विद्यापीठालाही बाबांचेच नाव आहे. जो शाळेची पायरी चढला नाही त्याचे नाव पदवीच्या कागदावर छापून येते. ही विठ्ठलाची लीला, दुसरे काय!

६ डिसेंबर १९५६ ला डॉ. आंबेडकर गेले. त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीकडे जाताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर बाबांनी देह ठेवला. घरात नाही, मठात नाही, वाटेवरच. वारकऱ्याला याहून शोभणारा शेवट कोणता?

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. देवाला अक्षराशी काय करायचे? अक्षर म्हणजे जे झरत नाही, सरत नाही ते. गीतेच्या आठव्या अध्यायात परब्रह्मालाच अक्षर म्हटले आहे, आणि वर्णमालेतल्या वर्णालाही आपण तेच नाव दिले आहे. हा योगायोग नव्हे. आपला संप्रदायही अक्षरावरच उभा आहे. माउलींनी नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, म्हणून शके १२१२ ची ती वाणी आपल्यापर्यंत आली. पुढे पाठ बिघडले, तेव्हा शके १५०६ मध्ये नाथमहाराजांनी पोथ्या ताडून ती शुद्ध केली. नाथांना वाचता आले नसते तर आपण कोणती ज्ञानेश्वरी डोक्यावर घेतली असती? भाव हवाच. पण भावाच्या हातातली पोथी वाचता आली तर भावाचे काय नुकसान होते?

बाबा गेले त्या सुमारास, १९५१ च्या शिरगणतीत, देशात शंभरातल्या जेमतेम अठरांना लिहितावाचता येत होते. २०११ च्या शिरगणतीत महाराष्ट्रात ही संख्या ब्याऐंशीवर गेली. मोठी मजल खरी. पण त्याच गणतीत आपल्या राज्यातल्या शंभर बायकांपैकी चोवीसजणी निरक्षर निघाल्या. त्या कुठे आहेत? दिंडीत डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या माउल्यांत पाहा. त्यांना हरिपाठ तोंडपाठ आहे, पण एस.टी.ची पाटी वाचता येत नाही. १५ वर्षांपुढच्या निरक्षरांसाठी केंद्र सरकारने उल्लास नावाचा साक्षरता कार्यक्रम काढला आहे, त्याचा लाभ अवश्य घ्यावा. पण आपल्या घरचा उपाय त्याहून जवळ आहे.

तो असा. मोठ्या अक्षरातला हरिपाठ आणावा. माउलींचे सत्तावीस अभंग आपल्याला मुखोद्गत आहेतच. रोज एक चरण म्हणताना शब्दाशब्दाखाली बोट धरावे. कान जे जाणतो तेच डोळा पाहतो आहे हे हळूहळू उमगू लागते, आणि अक्षर ओळखीचे होते. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत चातुर्मासात आपण कांदा सोडतो, वांगे सोडतो. एक वर्ष अंगठा सोडण्याचा नियम करावा. आधी आपले नाव, मग आकडे, मग बँकेचे पुस्तक, मग सातबारा. ज्या बाईला बचत गटाच्या वहीत आपली सही करता येते आणि शिल्लक वाचता येते, तिच्या शब्दाला घरात वजन येते. जो बाप नातवाशेजारी पुस्तक धरून बसतो, त्याच्या घरात शाळा सोड असे नातवाला सांगायची पाळी येत नाही.

लाज वाटते म्हणता? नातवाकडून, सुनेकडून शिकायचे कसे? अहो, आपण वारकरी! वाळवंटात ऐंशीचा म्हातारा आठ वर्षांच्या पोराच्या पाया पडतो आणि पोर म्हाताऱ्याच्या. ज्याच्या पायांवर डोके ठेवायला लाज नाही, त्याच्याकडून एक अक्षर घ्यायला कसली लाज?

बाबा पंढरीला येत तेव्हा गर्दीत शिरून दर्शन घेण्यापेक्षा वाळवंट झाडण्यात रमत. बाहेरचा केर त्यांनी खराट्याने काढला, आतला कीर्तनाने. तेवढा शेवटचा कोपरा, अंगठ्याला लागलेल्या शाईचा, आपल्या वाट्याला ठेवला आहे. तो आपण पुसावा आणि बाबांच्या ऋणातून थोडेसे उतराई व्हावे, एवढीच श्रीविठ्ठलचरणी प्रार्थना.

रामकृष्ण हरि.